पाहुणीसाठी आणलेला पाव

इंग्रजी शिकवणं वेगळं आणि इंग्रजी बोलणं वेगळं, हे ऊर्जानगरच्या शाळेत इतकी वर्षं नोकरी करूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते कळलं एका सरकारी जीपमध्ये, अहेरीच्या वाटेवर.

ऐंशीच्या दशकातली, दिवाळीनंतरची गोष्ट. कचेरीतून निरोप आला, की परदेशातून एक बाई येणार आहेत, त्यांना अहेरीकडच्या एका गावातली अंगणवाडी दाखवायची आहे आणि दुभाषी म्हणून बाईमाणूसच हवं. माझं माहेर त्याच भागातलं, म्हणून माझी वर्णी लागली. माझ्यापेक्षा नवऱ्यालाच जास्त आनंद. पॉवर स्टेशनची ड्यूटी संपवून तो तसाच सायकलनं चंद्रपूरला गेला आणि स्लाइसचा पाव आणि जॅमची बाटली घेऊन आला. परदेशी बाईला वाटेत भूक लागली तर तिच्यापुढे भाजी-पोळी कशी ठेवायची? मीही सकाळी उठून पावाला जॅम लावला आणि डबा भरला. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी गोऱ्या बाईची वाट पाहत होते. आली ती माझ्याहून सावळी, धिप्पाड, केसांत फूल खोवलेली. ती एका बेटावरची होती. तिच्या देशाचं नाव मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा नीट कळल्यासारखी मान हलवली. तिनंच पर्समधून छोटा नकाशा काढला. निळ्या कागदावर पेनातून शाई ठिबकावी, तेवढा तिचा देश. एवढ्याशा जागेत मंत्री असतात, कचेऱ्या असतात, हे मला काही केल्या पटेना.

आलापल्लीच्या जंगलातून जाताना ती सारखी बोलत होती. निम्मं मला कळलं, निम्मं मी अंदाजानं जुळवलं. ती तिकडच्या आरोग्य खात्यात लहान मुलांच्या आहाराचं काम बघायची. एका मोठ्या देशानं त्यांच्याशी फार वर्षांपूर्वी व्यापाराचा करार केला होता. त्या देशाचं पीठ आणि डबाबंद माल बेटावर स्वस्तात येणार, बदल्यात त्याच्या जहाजांना बेटाच्या समुद्रात मासेमारीची मुभा. आता बालवाड्यांतही तेच पीठ द्यायचं का, यावर तिचं मत मागितलं होतं. तिला नाही म्हणायचं होतं. पण तिचे साहेब म्हणाले होते, दुसरं आहेच काय आपल्याकडे? आजूबाजूला जे पिकतं त्यावर पोरं पोसणारं एक तरी गाव दाखव.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं मला सांगता आलं पाहिजे," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, की त्या डब्यांवर आणि पिठावर जगून तिच्या आईला साखरेचा आजार जडला आणि शेवटी पाय कापावा लागला. त्यावर मी "व्हेरी गुड" म्हणाले. चूक लक्षात आली तेव्हा जीप पुढच्या नाल्यावर होती.

खरं सांगायचं तर माझा पार गोंधळ उडाला होता. स्वस्त पीठ घरपोच येत असेल तर चांगलंच की! आमच्याकडे रेशनच्या दुकानावर त्यासाठी बाया भांडतात.

अंगणवाडी म्हणजे कुडाची एक खोली. ताजी सारवलेली, दारात रांगोळी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिला झेंडूचा हार. सेविका पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई. पाहुणीनं तिला भेट म्हणून मासळीचा एक चकचकीत डबा दिला. सेविकेनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि तसबिरीखाली ठेवला. पोरं ओळीनं बसलेली, प्रत्येकापुढे पळसाच्या पानावर पावाच्या दोन स्लाइस आणि एक बिस्कीट.

पाहुणीचा चेहरा खर्रकन उतरला. "मुलं हे रोज खातात?"

मी विचारलं. सेविका ताठ झाली. "हो मंग! रोजचंच आहे हे. पाहुणीबाईले सांगा ताई, आमी काई मागास नाई."

एक पोरगी पाव बोटानं दाबून बघत होती, तो परत फुगतो का म्हणून. रोजचं खाणं असं कोण दाबून बघतं? दुभाष्यानं ऐकलेलं सांगायचं की दिसलेलं, हे कचेरीतल्या कुणी मला सांगितलं नव्हतं. "शी सेज येस," मी म्हणाले. पाहुणीनं पेनाला टोपण लावलं. एवढ्या लांबून येऊन हेच बघायचं होतं का, असं तिचं तोंड झालं होतं आणि मला तिची फार कीव आली.

तेवढ्यात मागून वास आला. अंबाडीच्या भाजीत शिजणाऱ्या वाळक्या मासोळीचा तो वास मी झोपेतही ओळखीन. पाहुणीनं नाक वर केलं आणि उठून सरळ मागच्या अंगाला चालू लागली. तिच्यामागे मी, माझ्यामागे सेविका.

"तिकडं नका जाऊ वो ताई! तिकडं काई नाई!"

तिकडे चुलीवर मासोळीचं भांडं होतं आणि शेजारी सुपाखाली झाकलेलं आंबिलीचं मडकं. पाहुणी उकिडवी बसली, मासोळीच्या रसात बोट बुडवून चाटलं आणि हे कुणासाठी, असं विचारलं.

"पोराइसाठीच आहे. तुमी गेल्यावर वाढणार होतो." सेविकेनं पदर तोंडाला लावला, डोळे भरले होते. "गरिबाचं खाणं हे. इतक्या दुरून आलेल्या माणसाले कसं दाखवाचं?"

मी सांगितलं. पाहुणीनं मडक्यावरचं सूप उचलून आत पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना सांगा, आमच्याकडेही असंच सुरू झालं. आधी आम्ही आमचं जेवण पाहुण्यांपासून लपवलं. मग पोरांनाच त्याची लाज वाटायला लागली. आता लपवायलाही काही उरलेलं नाही."

ती समुद्रातल्या बेटावरची आहे आणि आता तिकडे डब्यातलंच खातात, हेही मी सांगितलं. सेविकेनं सगळं ऐकून घेतलं. मग मला हळूच म्हणाली, "समुद्रात राह्यते म्हणता ना ही? मंग डब्यातली मासोळी काऊन खाते?"

करार हा शब्द तिथे काही कामाचा नव्हता. मी म्हटलं, जंगलातल्या तेंदूपानाचा ठेका बाहेरचे लोक घेतात ना, तसं. बाहेरची जहाजं मासोळी धरून नेतात आणि तीच डब्यात घालून यांना विकतात.

"म्हणजे समुद्राचाच ठेका देल्ला!" सेविका म्हणाली. तिला लगेच कळलं. मला मात्र ते सांगता सांगता कळत होतं. "मंग तोच डब्बा आमच्यासाठी काऊन आणला? इचारा ना."

कसंबसं मऊ करून विचारलं. पाहुणी मग म्हणाली, "कुणाच्या घरी जाताना चांगली वस्तू न्यावी म्हणून."

"मंग मी पाव कायले आणला होता?" सेविका म्हणाली.

मग तिनंच पोरांना आंबील वाढली, आम्हीही तिथेच बसून खाल्लं.

परतताना पाहुणी मध्येच म्हणाली, "आता मी काय सांगू? असं गाव पाहिलं म्हणून सांगू, की त्यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं म्हणून सांगू?" पुढे तिनं काय सांगितलं, त्या बालवाड्यांचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

बल्लारपूर जवळ आलं तेव्हा तिनं माझ्या मांडीकडे बोट दाखवून विचारलं, "सकाळपासून हे काय धरून बसला आहात?"

मी डब्यावर पदर ओढला. "नथिंग," म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी झाकण उघडलं. दिवसभरात जॅम पावात मुरून गेला होता.