स्पर्शिका आणि रातपाळी

एकाग्रता हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं उठतं. अभ्यासाला शांतता लागते, मुलांना वेगळी खोली हवी, हे सगळं छान आहे. सामरवरणीच्या पत्र्याच्या चाळीत आमच्या एका खोलीत आम्ही तिघं होतो. त्यातले माझे वडील, आप्पा, सिल्वासाच्या धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते आणि त्यांना शांतता झाली की जाग यायची.

हे मी थट्टेने सांगत नाही. त्यांच्या खात्यात मशीनचा आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तर कानात तोंड घालावं लागे. आवाज थांबला तर धागा तुटलेला असायचा किंवा वीज गेलेली असायची, आणि सुपरवायझर हिंदीत शिव्या घालत धावून यायचा. त्यामुळे गोंगाटात आप्पा खुशाल असत आणि सामसूम झाली की ताडकन उठून बसत. रातपाळीच्या आठवड्यात ही सवय घरी येई. सकाळी कारखान्यातून आले की पाणी भरायचं, बाजार करायचा, जेवून दुपारी आडवं व्हायचं, आणि तासभर कुशी बदलायच्या. पंखा आवाज करायचा, पण दुपारी वीज जायची. रेडिओ लावला तर गाण्याला ताल धरत आणि बातम्या लागल्या की उठून बसत.

मग एका दुपारी मी सकाळची शाळा करून आले आणि इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायला बसले. आप्पा मेल्यासारखे झोपले. आईला एवढा आनंद झाला, की त्या दिवसापासून माझा अभ्यास हा माझा राहिलाच नाही.

इतिहास, भूगोल, हिंदी, कितीही वाचा. पण मी दहावीला होते आणि माझं घोडं अडलं होतं गणितात. गणित कसं वाचणार? ते सोडवावं लागतं, त्याला गप्प बसावं लागतं. मी गप्प बसले, पेन्सिल तोंडात घातली, की खाटेवरून आवाज यायचा, "काय व्हयनं? बंद का पडनं?"

अगदी मशीनला विचारावं तसं. लगेच चुलीपाशी बसलेली आई माझ्यावर डोळे वटारायची. "वाच ना व माय, थांबनी कसाले?" तिचंही बरोबर होतं. झोप न झालेला माणूस रात्री मशीनपाशी पेंगला तर काय होतं, हे चाळीतल्या एकाच्या हाताकडे पाहून सगळ्यांना माहीत होतं. पण माझं काय? दहावीत नापास झालेल्या पोरी आमच्या चाळीतून थेट पॅकिंगला जायच्या, बॉबिन खोक्यात भरायला. मला खोकी भरायची नव्हती.

मी तोंडाने भूगोल आणि हाताने गणित असाही प्रयोग करून पाहिला. त्यात दोन्हीची माती झाली. चाचणीत गणितात नापास झाले, तेव्हा कोकणातून बदलून आलेल्या आमच्या गणिताच्या सरांनी मला उभं करून एकाग्रतेवर व्याख्यान दिलं. मनातल्या मनात वाचावं, पहाटे उठावं, शांत कोपरा धरावा. मी खरं काय ते सांगितलं. सर म्हणाले, "घरी समजावून सांग हो, मुलगी अभ्यास करते म्हणावं." म्हटलं, मुलगी अभ्यास करते म्हणूनच तर हे होतंय. हे अर्थात मनातल्या मनात म्हटलं, सरांना आवडतं तसं.

त्या दुपारी माझा इतका संताप झाला होता, की पुस्तक उघडलं आणि गणितालाच बोलायला लागले. मोठ्याने. "ये बाबा स्पर्शिके, तू इथून निघालीस, वर्तुळाला टेकलीस. दुसरी इथूनच निघून पलीकडून टेकली, आणि म्हणे दोघी सारख्या लांबीच्या. बरं. आता केंद्रापासून तुझ्यापर्यंत त्रिज्या काढली. कशाला काढली? काटकोन हवा म्हणून काढली." आप्पा झोपले. त्यांना भूगोल काय नि भूमिती काय. मी भांडत राहिले. पायरीपायरीला स्वतःलाच कारण विचारायचं आणि स्वतःच द्यायचं. कारण ठाऊक नसलं की जीभ अडे. जीभ अडली की खाटेवरून आलंच, "बंद का पडनं?"

हे ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले. जिथे मला कळलेलं नसायचं, नेमके तिथेच ते जागे व्हायचे. सरांच्या लाल पेनाला जे दिसत नव्हतं ते झोपलेल्या माणसाला ऐकू येत होतं. मला त्याचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही, चीडच आली. चुकायचीही सोय नाही घरात. पण मी अडलेली जागा पुन्हा वाचू लागले, शाळेत विचारू लागले, आणि पुढच्या रातपाळीत ती जागा आप्पांना न उठवता पार करू लागले. एवढीच माझी अभ्यासाची पद्धत. तिच्यावरच मी पुढे दहावीला गणितात पास झाले आणि पॅकिंग टळलं.

पण मला निकालापेक्षा पेपरचा दिवस आठवतो. तेव्हाही रातपाळीच होती. तीनच्या सुमारास मी घरी आले. डोकं ठणकत होतं. वाटलं, आप्पा लाल डोळ्यांनी बसलेले असणार. बघते तर गाढ झोपलेले, आणि आई तांदूळ निवडत काहीतरी पुटपुटतेय. "ये बाबा स्पर्शिके, तू आठेन निघनी..."

माझी आई एक दिवसही शाळेत गेली नव्हती. माझं भांडण तिने जसंच्या तसं उचललं होतं, मी काढलेल्या खरडपट्टीसकट. मला पाहून ती ओशाळली वगैरे नाही. म्हणाली, "आठे माले याद नही वनं, ते एक डाव उठी बसनात." मग ताट बाजूला सारून, "पन दोन्ही सारख्या काबरं व्हतस, ते सांग."

पेपर कसा गेला हे तिने विचारलंच नाही. मी वैतागून म्हटलं, आत्ता? नुकती परीक्षा देऊन आलेय. ती हलली नाही. मग हातपाय न धुता मी जमिनीवर दुसरं ताट पालथं घातलं. आप्पांनी आणलेला कारखान्यातला धागा घेतला, पाटाच्या कोपऱ्यापासून ताटाच्या दोन्ही अंगांना टेकवला. मधोमध बोट ठेवून तिला दोन त्रिकोण दाखवले, एकावर एक बसणारे. काटकोन का, त्रिज्या सारख्या का, सगळं मोठ्याने, कारणांसकट. तिने दोन्ही धागे वितीने मोजले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. सारखे भरले.

आप्पा घोरत होते. मी धागा गुंडाळायला लागले तशी आईने माझा हात धरला.

"आखो एकदा सांग," ती म्हणाली.