पायऱ्यांवरची नावं

मी किती बोलतो ते आमच्या पवनी तालुक्यात कुणालाही विचारा. वैनगंगेत मी धरलेला मासा दरवर्षी हातभर वाढतो. लाखांदूरच्या एसटीला वाघ आडवा आला तेव्हा खाली उतरून त्याची समजूत मीच घातली — हे सगळं लोकांचं ऐकून झालंय. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडातून कधी निघाली नाही. बायकोपुढंही नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर —

तर आधी हे, की मी भित्रा आहे.

हसा खुशाल. मारामारीला मी भीत नाही. पडद्यावर रक्ताचे पाट वाहू द्या, मी शेंगदाणे खात बसतो. मेला तो मेला, त्यात भ्यायचं काय? मी भितो ते त्याच्या आधी, पिक्चरच्या सुरवातीला पडद्यावर येणाऱ्या नावांना. थरारपट सुरू होतो, अंधार असतो, कुठंतरी नळ ठिबकतो, एक नाव हळूच येतं आणि जातं. कुणी मेलेलं नाही, कुणी ओरडलेलं नाही — आणि मी दाराकडे बघायला लागतो. पुढच्या नावाला जरा उशीर झाला की वाटतं, ते आता माझ्या मागं येऊन उभं आहे. म्हणून जन्मभर मी नावं लागली की सामोसे आणायला उठलो. परत येईपर्यंत पहिला खून उरकलेला असायचा. मग मी निर्धास्त.

आणि हा माणूस गावात सिनेमातला जाणकार! पानठेल्यावर पिक्चर मीच सांगायचो, त्यात नसलेले दोन खून पदरचे घालून. त्यामुळे प्रणितानं स्वतःचा पिक्चर काढला तेव्हा नारळ फोडायचा मान माझ्याकडेच आला. आमच्याकडे नाटकवाल्यांची रीत आहे — रंगीत तालीम एका जाणत्यानं बघायची, तो म्हणेल ते कापायचं, मग त्यानं नारळ फोडायचा. त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही.

प्रणिता आमच्या शेजारची पोरगी. तिचं आणि माझं जुनं गाव एकच, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. सगळा पिक्चर तिनं मोबाइलवर काढलेला. त्यात मरणारा आमचा बबन शिंपी. भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून तिनं मला भिंतीसमोर बसवलं. हातात नारळ. उठून जायला सामोसेही नव्हते.

भिंतीवर आमच्या जुन्या गावचा घाट उगवला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या पायऱ्या उघड्या पडायच्या. प्रत्येक पायरीवर चुन्यानं लिहिलेलं, पिक्चरमध्ये काम केलेल्या एकेकाचं नाव. संगीत नाही, नुसता पाण्याचा आवाज. धरण भरत होतं. खालचं नाव ओलं झालं, विरलं, गेलं. मग त्याच्या वरचं. किती दिवस बसली असेल ती तिथं मोबाइल रोवून? कुठलं नाव किती वेळ दिसणार, ते पाणी ठरवत होतं. बबनचं नाव बुडताना मी श्वास रोखला — त्या बबनचं, ज्यानं माझी एकही पँट कधी वेळेवर दिली नाही.

शेवटी तिचं स्वतःचं नाव राहिलं. पाणी त्याच्या कडेला आलं आणि थांबलं. काहीच झालं नाही. काहीच नाही. मग वरच्या कोरड्या पायरीवर एक ओलं पाऊल उमटलं. मग त्याच्या वरच्या पायरीवर दुसरं. माणूस नाही. नुसती पावलं, आपल्याकडे येणारी.

नारळ माझ्या पायावर पडला. फोन आल्याचं सांगून मी बाहेर पळालो आणि गोठ्यामागं म्हशीला टेकून उभा राहिलो. इतकं भयंकर मी काही पाहिलं नव्हतं. आणि — कसं सांगू — इतकं सुंदरही नाही.

मग मनात काय आलं? उद्या समाजमंदिरात पिक्चरला सगळं गाव बसणार, पुढच्या खुर्चीवर मी. माझी ही गत सगळे बघणार.

पिक्चर संपता संपता मी आत गेलो.

"काकाजी, कसा वाटला?"

"फक्कड. पण सुरवातीचं ते पाणी-पाणी काप. लोकं कंटाळतीन."

"मले तर तेच सगळ्यात चांगलं वाटते जी."

"तुले वाटते. पब्लिक मी पाहून राहिलो, चाळीस वर्षं झाले."

तिनं कापलं. मोबाइल भरला होता, म्हणून पुसूनच टाकलं. नारळ मी फोडला.

दुसऱ्या दिवशी पिक्चर थेट खुनापासून सुरू झाला. बबन कोसळला तशी मागून कुणीतरी ओरडलं, "अबे बबन, माह्या पँटचं काय?" हसण्यानं पत्रे उडायचे बाकी राहिले. धानाच्या रोपांचे पऱ्हेच टाकले नव्हते, भीतीची रोवणी कशाची होणार? शेवटपर्यंत लोक हसत होते. प्रणिता दाराशी उभी होती. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि माझा आवाज तर तुम्हाला माहीत आहे.

तिनं पुन्हा पिक्चर काढला नाही. ती आता लग्नांचे व्हिडिओ बनवते. तो घाट त्यानंतर पाण्याबाहेर आला तो गाळानं बुजूनच.

यंदा माझ्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ तिनंच केला. आधी मला दाखवायला घेऊन आली. गुलाब उडत होते, बदामात नवरानवरीची नावं चकाकत येत होती. तिनं ते मध्येच थांबवलं आणि साध्या आवाजात विचारलं, "काकाजी, सुरवात ठेवू का कापू?"

"ठेव," म्हणालो.

ती ओली पावलं आता फक्त मलाच दिसतात. ती का कापायला लावली, ते तेव्हाही मी तिला सांगितलं नाही.