तीन वाक्यांचं एक वाक्य

हिराबाईंची रिक्षा वळली आणि मला माझंच वाक्य खटकलं.

मी भाईंदर वेस्टला इंग्रजीचे क्लास घेतो. ओळखीपाळखीच्यांचे अर्जही टाइप करून देतो. जवळच्या राई गावच्या हिराबाई एका नर्सिंग होममध्ये आया आहेत. त्यांच्या वॉर्डातली एक आजी बेडवरून पडली, मनगट सुजलं. हिराबाईंना मेमो मिळाला: पाचच्या आत इंग्रजीत लेखी खुलासा द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

त्यांनी मला सुटंसुटं सांगितलं होतं. "सिस्टरनी आणि मी आजीला बेडवर घेतलं. मंग बारा नंबरची बेल वाजली, मी तिकडं गेले. बेडचं रेलिंग खालीच राहिलं."

मी सवयीने बेल जास्तीची म्हणून गाळली आणि बाकीचं एकात गुंफलं: 'सिस्टर अँड आय शिफ्टेड द पेशंट अँड लेफ्ट द रेल डाउन.' सुबक वाक्य. वर्गात अशालाच मी पूर्ण मार्क देतो.

'सिस्टर अँड आय' हा कंपाउंड सब्जेक्ट, म्हणजे दोन कर्ते. 'शिफ्टेड' आणि 'लेफ्ट' मिळून कंपाउंड प्रेडिकेट, म्हणजे त्यांची दोन कामं. असं जोडलं की दोघींनी दोन्ही कामं केली असा अर्थ होतो. मराठीत रेलिंग आपलं आपण 'राहतं'. इंग्रजीत मी ते हिराबाईंच्या हातांनी खाली ठेवलं होतं, वर त्यांची सही घेऊन.

पावणेपाच. फोन लागेना. स्कूटर काढली, सिग्नलला उगाच हॉर्न वाजवत बसलो.

नर्सिंग होमला पोचलो तर कागद मेट्रनच्या हातात, हिराबाई समोर उभ्या.

"यांनी तर कबूल केलंय," मेट्रन म्हणाल्या.

"मॅडम, चूक माझी आहे. व्याकरणाची."

"सर, इथे पेशंट पडलाय आणि तुम्ही व्याकरण काय काढताय?"

"तेच सांगतोय. रेलिंगच्या वेळी या तिथे नव्हत्याच. बारा नंबरची बेल कोणी घेतली ते बघा ना."

त्यांनी रजिस्टर उघडलं. पान सापडेपर्यंत मी तीनदा उठलो-बसलो. त्याच वेळच्या बेलच्या नोंदीपुढे हिराबाईंची सही होती. मी तिथेच हाताने तीन वाक्यं लिहिली, प्रत्येकाला त्याचा कर्ता देऊन. नोकरी वाचली.

बाहेर आल्यावर हिराबाई म्हणाल्या, "सर, मी सुटं सांगितलं व्हतं. जोडलं तुमी."

हल्ली वर्गात वाक्यं जोडायला दिली की मी आधी विचारतो, दुसऱ्या कामाच्या वेळी पहिला माणूस तिथे होता का? बोर्डाच्या परीक्षेत हे विचारत नाहीत. मी त्याला दोन मार्क ठेवलेत.