चूक कुठं झाली

सेलू स्टेशनवर चार्जिंगची एकच जागा धड चालते, आणि ती रोज सकाळी एकाच माणसानं अडवलेली. मला आधी त्याचा रागच यायचा. भिंतीला पाठ, मांडीवर टॉवेल, त्यावर तव्यासारखा तापलेला लॅपटॉप. पडद्यावर ओळी पळताहेत आणि हा डोळे मिटून बसलाय. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा गाडीला उशीर होता, म्हणून काम तेवढं विचारलं.

तो कंपायलर दुरुस्त करत होता. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारं ते साधन, आणि हे तर सगळ्यांसाठी खुलं. कुणीही त्यात सुधारणा सुचवावी.

"नवा हाय मी, मॅडम. मूळ फाइलीतली एक रिकामी ओळ पुसली, तर आता मशीन समदा कंपायलरच पुन्हा बांधायलंय."

"एवढा खटाटोप कशासाठी?"

"एक वाक्य बदलायचंय. प्रोग्राम चुकला की हे नुसतं 'चूक' म्हणतंय, कुठं ते सांगत न्हाई. कॉलेजात त्यापायीच म्या प्रोग्राम लिहिणं सोडलं. वाटलं, आपल्याला अक्कलच न्हाई."

तेवढ्यात ओळी थांबल्या. लाल अक्षरांत एकच शब्द उरला.

त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "बघा, हेच ते."

कॉलेजात याच शब्दासमोरून तो एकदा उठून गेला होता. आता त्यानं एक लांब जांभई दिली, टॉवेल सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.