आडवा दांडा

कॉकचा दांडा पाईपच्या रेषेत असला की पाणी चालू, आडवा केला की बंद. आमच्या मळ्यात असे दोन कॉक. एक मोसंबीकडं, एक कापसाकडं. आधी दुसरा उघडायचा, मगच पहिला बंद करायचा, न्हाईतर पाईप फुटतो. मी दोन फोडले, तेव्हा बायकोनं शिकवलं. पाटाचं पाणी होतं तेव्हाही दारं तीच धरायची. वाफ्यातलं पाणी वळवावं तिनंच.

तिला न्यूमोनिया झाला म्हणून बीडला दवाखान्यात नेलं. सलाईनच्या नळीला मनगटाजवळ बोटभर प्लास्टिकचा कॉक होता. तीन तोंडांचा. वरून औषध यायचं, खालून तिच्या हातात जायचं, बाजूचं तोंड इंजेक्शनला. दांडा आडवा, त्या बाजूच्या तोंडाकडं. थेंब लई हळू पडत होते. मला वाटलं, नर्सबाई अर्धवट बंद ठेवून गेल्या. मी दांडा सरळ केला, तिच्या हाताकडं.

तिनं डोळे उघडले. "हितंबी दारं धरायला लागलात व्हय?"

"गप पड. पाणी सोडलंय तुला."

ती हसली. मी चहाला खाली गेलो.

वर आलो तर नर्सबाई ओरडत होत्या. "कुणी फिरवला हा? बाबा, औषध बंद केलंत तुम्ही!"

"बंद कावून? सरळ केलाय की."

"ह्याचा दांडा ज्या तोंडाकडं, ते तोंड बंद. लिहिलंय ना त्यावर!"

लिहिलं होतं. इंग्रजीत, मुंगीएवढं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, त्यानं काही झालं नाही, दहा मिनिटांचंच होतं ते. दहा मिनिटं कुठून काढली त्यांनी? चहाला किती वेळ बसलो, मलाच ठाऊक न्हाई.

मी हात लावायला नको होता, हे खरं. पण ज्यानं कुणी तो कॉक बनवला, त्यानं जन्मात पाणी वळवलेलं न्हाई. आमचा दांडा पाणी कुठं चाललंय ते दाखवतो. त्याचा दाखवतो, कुठं अडवलंय. असं उलटं करताना, उशाशी कोण बसलेलं असतं ह्याचा इचार केला का त्यानं? डॉक्टर बसतो का रातदिवस? आमच्यासारखेच बसतात.

परवा मोसंबीला पाणी सोडलं. दांडा सरळ केला, तरी पाईपवर हात ठेवून बसलो, खरंच चाललंय का बघत.

शेजारच्या मळ्यातला म्हातारा बांधावरून म्हणाला, "काय बे, पाईपची नाडी बघतो का?"

त्याला शिवी दिली. हात काढला न्हाई.