अनशापोटी

आमच्या मामांइतका उपासाच्या दिवशी खुशीत असणारा माणूस दौंडपासून शिरूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. दौंड जंक्शनात रुळांचे सांधे बदलता बदलता ते रिटायर झाले, आणि रिटायर झाल्या झाल्या त्यांचे स्वतःचे सांधे कुरकुरायला लागले. हा विनोद त्यांचाच आहे. भेटेल त्याला ते तो ऐकवतात, आणि समोरचा हसला नाही तर त्याला समजलं नाही असं धरून परत ऐकवतात. अंगाने काटक, आवाज इंजिनाच्या शिट्टीला ऐकू जाईल असा, आणि डोक्यात एकदा काही बसलं की ते काढायला तालुक्यात कुणाची टाप नाही.

पण हा उपासवाला माणूस आधी असा नव्हता हो. आत्या होती तोवर उपास म्हटलं की मामांच्या अंगात यायचं. आत्याचे उपास तरी किती? सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय मनात आलं म्हणून केलेला एखादा. मामा नेमके सोमवारी ड्यूटीवरून येताना स्टेशनाबाहेरची कांदाभजी आणायचे, आत्याच्या पुढ्यात मांडी घालून बसायचे आणि देवाला तुझ्या पोटाशी काय काम, असं तिला विचारायचे. आत्या शेंगदाणे सोलत नुसती हसायची. मी सुट्टीला गेले की भज्यांत माझाही वाटा असायचा. ती एवढंच म्हणायची, "तुमच्याच्यानं एक वेळ निघायची न्हाई." आणि ते खरंच होतं, जेवायला जरा उशीर झाला की मामा भांडी मोजत फिरायचे. त्या दोन खोल्यांत किती सुख होतं! आजही कुठे भजी तळली जात असली की माझे पाय थांबतात, आणि दौंडची ती दुपार मला हवीहवीशी होते.

आत्या गेली. त्यानंतरच्या सोमवारी मामा आमच्याकडे तळेगाव ढमढेऱ्याला आले होते. आईने ताट वाढलं तर त्यांनी ते हलकेच बाजूला सारलं आणि म्हणाले, आज सोमवार आहे. तेव्हापासून आत्याचे सगळे उपास मामांनी आपल्याकडे घेतले. त्यांना नीट पाठ नव्हते, म्हणून ते मला नोकरीच्या गावी, शिरूरला, फोन लावायचे आणि आज तुझ्या आत्याचा काही होता का, असं विचारायचे. आत्या काय खायची, काय नाही, हेही विचारायचे. मी सांगायचे आणि दिवसभर माझंही लक्ष कामात लागायचं नाही.

आता उपास करावा तर नीट करावा. मामांचा उपास म्हणजे सकाळपासून नुसता चहा, आणि त्यावर गुडघ्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली दुखण्याची गोळी. तीही रिकाम्या पोटी. संध्याकाळी मिरच्या वाटून घातलेली खिचडी. पोटात आग पडायला लागली तसे ते सोडा प्यायले, दूध प्यायले, कुणी जे काही सांगितलं ते सगळं प्यायले. शेवटी मी धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पुण्याकडच्या. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं. मामांनी बाहेर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल, तर आत सिग्नल लाल आहे की हिरवा. पोटात अल्सर होता. बाईंनी गोळी लिहून दिली, दुखण्याच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि बजावलं की ही उपाशीपोटी घ्यायची, चावायची नाही, अख्खी गिळायची.

मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांचं दुखणं इथेच गेलं. घरी जाताना म्हणाले, शिकलेली पोरगी असून उपासाला मानते. मी हो म्हटलं, मला वाटलं सहज बोलले. त्यांच्या डोक्यात काय बसलं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

पुढच्या तपासणीला बाईंनी विचारलं, गोळी उपाशीपोटीच घेता ना? मामा छाती काढून म्हणाले, "उपाशीपोटीच. भरल्या पोटी एकबी घेतली न्हाई." बाई खूश, मामा खूश, मीही खूश. गुडघ्याच्या गोळ्यांचं बाईंनी विचारलं तेव्हा मामा खिडकीबाहेर बघत होते, हे मात्र मला आता आठवतं.

मग एके दिवशी शेजारच्या टेलरचाचांचा फोन आला. मामा दारातच चक्कर येऊन बसले होते, आणि दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. अल्सरमधून रक्त जात होतं. मी पोचेपर्यंत चाचांनी त्यांना बाईंच्याच दवाखान्यात नेऊन बाटली लावून घेतली होती. चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, ही अमानत तुमच्याकडे द्यायची राहिली होती, आणि त्यांनी खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली. रमजानात मामांनीच आणून दिली होती. तुमचा तर महिनाभर उपास, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागतील, असं म्हणून. चाचा शहाणे. दुसऱ्याच्या नावची गोळी कशाला खायची, असं मनाशी म्हणून त्यांनी ती मशीनच्या खणात ठेवली, आणि मित्राचं मन कशाला मोडा म्हणून गप्प बसले.

मी मामांना तिथल्या तिथे फैलावर घेतलं. औषध काय प्रसाद आहे का वाटायला? रोज घ्यायची गोळी उरली कशी? मामा माझ्याकडे भाबडेपणाने बघत राहिले. रोज कशी घेऊ म्हणाले, उपास काय रोज असतो?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंनाही बोलावलं. त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी कपाळाला हात लावला. मामा मात्र तक्रारीच्या सुरात म्हणाले, "आपल्यात त्याला अनशापोटी म्हणत्यात. तुम्ही अनशापोटी म्हणला असता तर मला कळलं असतं की. उपाशीपोटी म्हंजी उपास."

बाईंनी मग समोर बसून सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. रोज सकाळी, अनशापोटी, नाष्ट्याच्या अर्धा तास आधी. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, कुणाला द्यायची नाही. गुडघ्याला काय घ्यायचं ते बाईंनाच विचारून. काळं झालं, रक्ताची उलटी झाली तर त्याच पावली इकडे यायचं. आणि आतली जखम भरेपर्यंत उपास बंद.

बाकी सगळ्याला मामांनी मान डोलावली. शेवटचं ऐकून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. बाई गेल्यावर मी म्हटलं, मामा, देव काही रागावणार नाही. त्यावर ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "देवाचं कोण बोलतंय? उपास सोडला तर ती मला भेटायची कुठं?"

मी तिथेच स्टुलावर बसून रडून घेतलं.

मामा घरी आले. मी दर सोमवारी दौंडला फोन करून नाष्टा केला का विचारायचे, ते हो म्हणायचे, आणि माझा विश्वास बसायचा नाही. म्हणून परवा मुक्कामालाच गेले. उजाडला तो सोमवार. मामांनी उठून तोंड धुतलं, गोळी अख्खी गिळली, वर पाणी प्यायले आणि ओट्यावर आत्या बसायची तिथे, थोडी जागा सोडून बसले. हातात पेपर नाही, काही नाही. मी कौतुकाने पोहे आणि चहा पुढे नेला, तर त्यांनी हात वर केला.

"थांब. अजून सुटला न्हाई."

काय सुटला नाही, मी विचारलं.

"उपास," मामा म्हणाले. "ती दिवसभर करायची. मला अर्धा तास मिळालाय, पण रोज मिळालाय."

मी पोहे झाकून ठेवले. मामांनी सोडलेली जागा तशीच राहू दिली आणि पलीकडे जाऊन बसले. स्टेशनात गाडी लागत होती, चाचांची मशीन सुरू झाली होती. बऱ्याच वेळाने मामा हळूच म्हणाले, "जवा होती तवा एक दिवस बी तिच्यासंगं उपाशी बसलो न्हाई गं." मग घड्याळाकडे बघितलं, आणि पोह्यांची ताटली आपल्याकडे ओढून घेतली.