शिसवीचा आवाज

फोन वहिनीचा होता. "वन्सं, ह्यास्नी लई धाप लागलीया. या की लगेच," एवढंच ती बोलली. मी जयसिंगपूरहून एसटीनं मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी पोचले, तर दारात चपलाच चपला... काही विचारायची गरज उरली नाही. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, गेला त्याला आता दीड महिना होत आला.

अण्णा ढोलकी-पखवाजाची लाकडी खोडं करायचा. घरामागच्या खोलीत त्याचं लेथ मशीन होतं. अण्णा खोड कातायचा आणि वहिनी पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. आधी सगळं काम आंब्याच्या लाकडाचं असे, कधी फणसाचं. एकदा बिद्री गावाकडून शिसवीचा जुना ओंडका आला. काळपट, दगडासारखा जड. त्याची पहिली ढोलकी मढवून झाल्यावर त्यानं मला बोलावून आंब्याची आणि ही, दोन्ही वाजवून दाखवल्या. आंब्याचा आवाज गोड होता, पण लगेच विरला. शिसवीचा घुमत राहिला.

"आंबा सूर पितोय गं," तो म्हणाला. "ही सोडतच न्हाय."

पुढं ती त्यालाही सोडेना. सीमाभागातले वादक त्याचं नाव विचारत यायला लागले आणि आंबा मागं पडला. शिसवीची भुकटी तपकिरी पिठासारखी बारीक असते. पहिल्यांदा त्याच्या हातांवर चट्टे उठले, मग पापण्या सुजल्या. तो खोबरेल तेल लावून कामाला बसे. नंतर खोकला लागला. माझ्याकडं राहायला आला की खोकला थांबायचा, आणि घरी परतला की पुन्हा सुरू... हे आमच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ही भुकटी छातीत बसलीय, हे लाकूड सोडा. अण्णानं ऐकलं. वर्षभर पुन्हा आंबाच कातला. रंग परतला, जिना चढायला लागला. आम्हाला वाटलं, टळलं.

मग आमच्याकडच्या एका जत्रेत त्यानं त्या वर्षातली स्वतःची आंब्याची ढोलकी ऐकली. पावसाळी हवेनं तिचा आवाज पार बसला होता, वादक सारखा दोऱ्यांना ताण देत होता. अण्णा गर्दीतून उठून बाहेर आला.

"हे माझं काम न्हाय," तो म्हणाला.

"अण्णा, जीव मोठा का आवाज मोठा?" मी विचारलं.

"तुला न्हाय कळायचं, सुमे," म्हणाला आणि विषय बदलला. पुढच्या आठवड्यात वहिनीनं फोनवर सांगितलं, शिसवीचे ओंडके उतरलेत. ती रडत नव्हती, त्याचंच मला भय वाटलं. तोंडाला उपरणं बांधून तो कातत होता. नंतर नंतर पायरीवर टेकून बसायचा, श्वास परत आला की आत जायचा.

परवा मी मुक्कामाला गेले होते. सकाळी चहा करताना मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. तोच कोरडा, ओढून काढलेला खोकला. क्षणभर मी हाकच मारणार होते. आत गेले. लेथवर अण्णाचं शेवटचं, शिसवीचं अर्धवट खोड तसंच होतं आणि वहिनी पॉलिश पेपर घेऊन त्यापुढं बसली होती.

"किती दिवस खोकताय, वहिनी?"

तिनं मान वर केली नाही. "ह्यांचं एवढं पुरं करते, वन्सं," ती म्हणाली आणि घासत राहिली.